पाच घरांचा एक पत्ता

गेल्या सोमवारी सकाळी दहा वाजता पोलिसांनी रहीमभाई शिंप्याला दुकानातून उचललं. आमच्या गल्लीतल्या इंटरनेटवरून कोणीतरी धमकीची मेल पाठवली होती. गल्लीतला वायरवाला एकाच राउटरवर पाच घरं चालवतो. आमच्या घरी आला की दुपट्ट्यानं तोंडावरची खाणीकडची कोळशाची धूळ पुसतो आणि न विचारता शिकवतो, "आतमंधी पाच घराईचे पाच नंबर, भाऊ. बाहेर साऱ्याईचा एकच. कोणाचं काय गेलं ते हा डब्बा ध्यानात ठेवते, पण बंद केला का विसरते."

नेट अडलं की तो डबा बंद-चालू करतो. ती मेल गेली त्या दिवशीही केला. पोलिसांच्या हाती फक्त बाहेरचा तो एक नंबर, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, उरला, आणि पाच नावांतून त्यांनी रहीम निवडलं.

तेव्हापासून वायरवाला डबा पिशवीत घालून रोज ठाण्यात बसतो. "साहेब, पाचही घरं आना, नाईतर त्याले सोडा."

"तुलेही बसवू का आत?" हवालदार विचारतो. वायरवाला उठत नाही.

पाचातलं एक घर माझं. मी उद्या ठाण्यात जातो आहे. उरलेल्या तीन घरांनो, "नेट काऊन बंद हाये?" म्हणून त्याला फोन करणं थांबवा. सकाळी दहाला ठाण्यात या आणि तो पत्ता तुमचाही आहे, असं लिहून द्या.