गालावरचं ऊन

दौलताबादच्या किल्ल्यातली अंधारी, म्हणजे ते काळंकुट्ट भुयार, मी डोळे मिटून, उलट्या पावलांनी चढलो, हे मी औरंगाबादेत इतक्यांदा सांगितलंय की भुयारालासुद्धा आता ते खरं वाटत असेल. "आपल्याला चक्कर येत नाय! लोकांच्या कानात पाणी असतं, माझ्या कानात पारा!"

ही बढाई ऐकूनच दोस्तानं मला धरलं. तो कॉलेजात फिजिक्स शिकवायचा. ढगात शिरलेल्या वैमानिकाला आपण वळतोय की सरळ चाललोय हे का कळत नाही, याचं गणित तो मांडत होता. त्याचा प्रबंध त्यावरच होता.

न्हाव्याची जुनी खुर्ची, तिच्याखाली मोटार, डोळ्यांवर पट्टी. खुर्ची एका वेगानं फिरत राहिली की कानातलं पाणी तिच्याबरोबर फिरायला लागतं आणि माणसाला वाटतं, थांबलो. खरंच थांबवली की वाटतं, उलटं फिरतोय. हे किती वेळात होतं, तेवढं त्याला मोजायचं होतं. विद्यार्थी ओकून पळाले. उरलो मी.

"आता?"

"फिरतेय."

"आता?"

"थांबली."

दर वेळी बरोबर! "मियाँ, तू माणूस आहेस का होकायंत्र?"

खरं तर मलाही काही कळत नव्हतं. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन यायचं. ते तोंडावरून सरकतंय तोवर खुर्ची फिरतेय, एका गालावर ठरलं की थांबली.

बिचाऱ्यानं स्वतःचं बरोबर गणित माझ्या कानाला जुळेल असं वाकवलं. प्रबंध परत आला. या हिशेबानं तर एकही वैमानिक कधी चुकणार नाही, असा शेरा होता. त्यानं कागद बांधून माळ्यावर टाकले, ते कायमचे. आणि मी? टपरीवर सांगत सुटलो, "माझा कान गणितात मावला नाय!"

तो रिटायर झाल्यावर खुर्ची त्याच्या अंगणात आली. एका ढगाळ दुपारी मीच तिच्यात बसलो, डोळ्यांवर रुमाल बांधला. "फिरव."

तो एका लयीत ढकलत राहिला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "आता?"

"थांबली."

"नक्की?"

"अजून फिरतेय, व्हय ना?" मी म्हणालो. "आज ऊन नाय रे." आणि सगळं सांगून टाकलं.

"इतकी वर्षं लागली तुला सांगायला?" एवढंच तो बोलला.

मग त्यानं खुर्ची धरली असावी. मला वाटत होतं, मी उलटा फिरतोय. रुमाल सोडायचा धीर होईना.