दत्तूच्या हातानं खेळलेले डाव

“हात मागं घे.”

बापूराव हे म्हणाले तेव्हा माझं बोट प्याद्यापासून वीतभर लांब होतं. ते ओरडले नाहीत. पानाला चुना लावता लावता म्हणाले. “तू तोंडानं चाल सांग. दत्तू उचलेल.”

कचेरीच्या पडवीत मधल्या सुट्टीत बुद्धिबळाचा पट मांडलेला. भोवती सगळे कारकून. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, निदान काहीतरी घडलं असं वाटलं असतं. माझा तो हात कुठं ठेवावा मला कळेना. शेवटी मांडीखाली दाबला आणि म्हणालो, “राजापुढचं प्यादं एक घर.”

दत्तूनं ते सरकवलं. असा मी बुद्धिबळ खेळायला लागलो.

बापूराव आमचे हेडक्लार्क. दत्तू त्यांच्या हाताखालचा नक्कलनवीस, माझ्याच वयाचा. मी नवा कारकून, महारवाडीतला. स्वातंत्र्य येऊन काही वर्षं झाली होती, शिवाशिव कायद्यानं संपली होती, म्हणूनच तर रत्नागिरीच्या त्या कचेरीत मला खुर्ची मिळाली होती. पण मी कायम झालो नव्हतो. माझं काम बघून बापूरावांनी शेरा द्यायचा, मग कायम. माझी भाकरी त्यांच्या शेऱ्यावर होती, आणि हे मला माहीत होतं तसं त्यांनाही माहीत होतं.

मोहरे सावंतवाडीच्या लाखेचे, तांबडे आणि हिरवे. बापूरावांच्या वडिलांचे. सकाळी पिशवीतून यायचे, संध्याकाळी घरी जायचे. “घरात वावरतात रे ते,” बापूराव मला समजावत. “आमच्या मंडळींना चालायचं नाही. मला म्हणशील तर माझं काही नाही.” त्या कचेरीत कुणाचंच स्वतःचं काही नसे. घरी बायको असे, आई असे, देव असत. माझा चहाचा पेला खिडकीत वेगळा पालथा असे, तोही असाच कुणाच्या तरी घरच्यांसाठी.

मग बसत होतास कशाला, असं कुणी विचारेल. विचारा. मला त्या खेळाचा नाद लागला होता. हत्ती सरळच जाणार, मग तो बापूरावांचा असो की माझा. उंट तिरकाच. घोडा अडीच घरं. माझ्या उभ्या आयुष्यात दोन्ही बाजूंना एकच कायदा असलेली जागा मी पहिल्यांदा बघत होतो. त्या जागेसाठी मी हात मांडीखाली दाबायला तयार झालो. आज त्याची चीड येते. तेव्हा आली नाही, हे खरं आहे.

पहिले काही आठवडे मी नुसता मार खाल्ला. सगळे नवखे करतात तेच करत होतो. वजीर मोठा, सगळीकडे फिरणारा, म्हणून त्यालाच पहिल्यांदा बाहेर काढायचं. मग बापूराव त्याच्यामागं घोडा लावायचे, प्यादी लावायचे, आणि वजीर कोंडून मारायचे. “शह” म्हणता आलं की मला आनंद व्हायचा. त्या शहातून काय मिळालं, हे बघायचं सुचायचंही नाही. चाल बोलून गेल्यावर चूक दिसायची. तोंडातून निघालं की दत्तूचा हात पुढं, आणि मग मागं घेणं नाही.

“जोर कुठाय तुझ्या घोड्याला?” बापूराव विचारायचे. मोहऱ्याला मागून दुसऱ्या मोहऱ्याचा आधार असला की त्याला जोर म्हणतात. माझ्या कशालाच जोर नसायचा. एकेक मोहरा पुढं धाडायचा आणि एकेक मरायचा.

मी बंदरावर एका मुसलमान तांडेलाच्या घरी खोली घेऊन राहत होतो. दुसरीकडे जात विचारत, तिथं फक्त “मासली खातंस ना?” एवढंच विचारलं. त्या खोलीत जमिनीवर कोळशानं घरं आखली. शिंपले, काजूच्या बिया, करवंटीचे तुकडे मांडले. दुपारचा हरलेला डाव संध्याकाळी पुन्हा लावायचा आणि कुठं चुकलो ते शोधायचं. असं करता करता काही गोष्टी डोक्यात बसल्या. समोरच्यानं चाल केली की आपली चाल शोधायच्या आधी विचारायचं, त्यानं ती का केली. पुढं टाकलेल्याला जोर आहे का बघायचं. घोडे-उंट बाहेर येईपर्यंत वजिराला घरात ठेवायचं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मी फुकटचे मोहरे घालवणं बंद केलं. हरतच होतो, पण आता बापूरावांचं पान अर्धवट तोंडात राहायचं.

कुणी म्हणतात, बरंच झालं की, तोंडानं सांगून सांगून डोक्यात पट उभा राहिला असेल. असं म्हणणाऱ्याला एकदा हात पाठीशी बांधून जेवायला बसवावं, आणि घास दुसऱ्यानं भरवावेत, तेही भरवणाऱ्याच्या मर्जीनं.

कारण दत्तू कधीकधी चुकायचा. मी एक सांगायचो, तो दुसरंच उचलायचा. लोक खो खो हसायचे. “ऐकू नाही आलं,” दत्तू म्हणायचा. बापूराव म्हणायचे, “हात लावला की तोच मोहरा खेळायचा. नियम आहे.” मला समोर सगळं दिसत असायचं. कुठं धोका आहे, कुठं वाट आहे. आणि हात मांडीखाली मुंग्या येऊन बधिर झालेला असायचा. मी पुढच्या डावांत चाल मोठ्यानं सांगू लागलो. दोनदा सांगायचो. इतकी लाचारी मी कधी भीक मागणाऱ्याच्या तोंडीही ऐकली नाही.

तो डाव शिमग्याच्या आधीचा. बापूरावांचा वजीर गेला होता, माझाही गेला होता. माझं वजिराकडच्या हत्तीचं प्यादं शेवटच्या घरापासून एक घर लांब होतं. आमच्याकडे जुना कायदा, प्यादं ज्या घरात पोचेल त्या घराचा मोहरा होतं, आणि तोही आधीचा मेला असेल तरच. माझा तिकडचा हत्ती मेलेला होता. म्हणजे एका चालीत मला हत्ती मिळणार होता. सगळे पुढं वाकले.

“वजिराकडच्या हत्तीचं प्यादं,” मी म्हणालो. “वजिराकडचं. एक घर.”

दत्तूनं राजाकडचं उचललं आणि पुढं ठेवलं. माझ्या राजापुढची वाट उघडी पडली.

“ते नाही. वजिराकडचं म्हणालो मी.”

“हात लागला,” बापूराव म्हणाले.

“माझा नाही लागला, साहेब.”

“दत्तूचा हात तोच तुझा हात. नियम सगळ्यांना एक.”

दत्तूनं मुद्दाम केलं की घाबरून, मला आजही कळलेलं नाही. तो खाली बघत होता. मी इकडेतिकडे बघितलं. वाटलं, कुणीतरी म्हणेल, अहो, त्यानं नीट सांगितलं होतं, आम्ही ऐकलं. सगळ्यांनी ऐकलं होतं. कुणी बोललं नाही. तेव्हा मला कळलं की या पटावरही दोन कायदे आहेत, आणि इतके महिने मी एकाच कायद्याच्या आशेवर लाज गिळत आलो.

मी मांडीखालचा हात काढला. राजाकडचं प्यादं उचलून मागं ठेवलं. वजिराकडचं उचलून शेवटच्या घरात ठेवलं. मेलेला हत्ती बाजूला पडला होता, तो घेऊन प्याद्याच्या जागी उभा केला. मोहरे फार हलके होते. इतके हलके असतील असं मला वाटलं नव्हतं.

“तुमची चाल, साहेब,” मी म्हणालो.

बापूराव पटाकडे बघत राहिले. मग उठले. धोतराचा सोगा झटकला. दत्तू मोहरे गोळा करायला वाकला तसे म्हणाले, “राहू दे. आता ते घरी न्यायचे नाहीत.” आणि माझ्याकडे बघून, अगदी मऊ आवाजात, “तूच घेऊन जा. तुझेच झाले ते. पटही ने.”

खोटं कशाला सांगू, मला ते हवे होते. त्या तांबड्या-हिरव्या मोहऱ्यांची मी स्वप्नं बघितली होती. पण तो आवाज माझ्या ओळखीचा होता. माझ्या आज्याला मढ्यावरचं कापड याच आवाजात देत. शिळं, उष्टं, मेलेलं ढोर, सगळं याच आवाजात. जे आपल्याला आता नको, ते यांना. आणि आमची माणसं हात जोडून घेत, कारण नाही म्हणायची सोय नव्हती.

“नको,” मी म्हणालो. “मला डाव पुरा करायचा होता. तुमचं सामान तुमच्यापाशी ठेवा.”

ते आत गेले. पाठोपाठ सगळे गेले. मी घंटा होईपर्यंत एकटाच पटासमोर बसून राहिलो. समोरून चाल येणार नव्हती, तरी बसलो. जिंकलो असतो का, सांगता येत नाही. मी नवखाच होतो, अजून दहा चुका केल्या असत्या.

मला कायम केलं नाही. शेऱ्यात लिहिलं, वर्तन उद्धट. वरच्या साहेबांकडे गेलो, ते म्हणाले, “खेळावरून भांडतोस? लहान आहेस का?” मी काय झालं ते सांगायला लागलो आणि माझं मलाच ऐकू आलं, एक प्यादं, एक घर. सांगून कुणाला कळलं असतं? तसाच बाहेर आलो.

गावी गेलो तेव्हा आईला सगळं सांगितलं. तिनं नोकरीचं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. मग म्हणाली, “देत व्हता तं आनलंस का न्हाय रं? वाडीतल्या पोरांना खेळाय झालं असतं.” तिला राग नव्हता. तिला खरंच कळलं नव्हतं. बापूरावांना नको म्हणणं सोपं होतं, आईला त्याचं कारण सांगणं मला आजवर जमलेलं नाही.

पण एवढं मी तेव्हाच ठरवलं आणि त्यात बदल करणार नाही. माझा मोहरा मी उचलणार. उचलू देत नसाल तर मी बसणार नाही, तुम्ही कितीही प्रेमानं बोलावलंत तरी. कुणाच्या हातानं जिंकायचं नाही मला. हरेन तर माझ्या हातानं हरेन, आणि ती चूक माझी असेल.