पिसाऱ्याचे पैसे वेगळे

यातला एक शब्द खरा मानून दाखव, चहा पाजते! अगं, आमच्या नंदाच्या मशीनचे किस्से इतके साठलेत, एक सांगायला जावं तर बाकीचे धक्काबुक्की करत पुढे येतात. आणि प्रत्येकात मान खाली आमचीच.

नंदा माझी भाची, कळव्याला राहते. लेकीच्या रुखवतात स्वतः भरलेली चादर मांडायची म्हणून भरतकामाची कॉम्प्युटरवाली मशीन घेतली, एकदम भारीतली. नवऱ्याला छातीठोक सांगितलं, "यात सगळं येतं हो!" शेजारणींना बोलावलं, मशीनला हळदकुंकू वाहिलं, बटण दाबलं. पडद्यावर कमळ, कुयरी, मोर... आणि प्रत्येकावर कुलूप! फुकटात उघडला तो फक्त भोपळा. "छान आहे हो," म्हणत बायका भोपळ्याचे रुमाल घेऊन गेल्या. त्यानंतर शेजारचं दार वाजलं की नंदा आत पळायची.

*

कंपनीला फोन लावला. पोरगी गोड आवाजात म्हणते, "मॅडम, मोर प्रीमियममध्ये आहे."

मी फोन ओढून घेतला. "बाई, आमच्या गावी तो कौलावर बसून फुकट ओरडतो!"

पलीकडून हळूच, "आजी, इथे सगळं रेकॉर्ड होतं हो. मला हसता येत नाही."

शरमलेच मी.

*

मग ठाण्याच्या शोरूमला गेलेलो. तिथला माणूस समजावतोय, मशीन वेगळी, डिझाइन वेगळं, मोठी फ्रेम वेगळी. मी त्याच्याच खुर्चीत जाऊन बसले.

"आजी, उठता का?"

"बसणं मशीनबरोबर आलं. उठायचे वेगळे पडतील!"

सगळं दुकान हसलं. तो बिचारा उभ्यानेच बिलं करत राहिला. त्याचा सुजलेला पाय मला नंतर दिसला. गुपचूप उठले.

*

शेवटी नंदाने चोरून मोर विकत घेतला. मशीन धडधडली. मान आली, तुरा आला, पाय आले... आणि थांबली. पिसारा वेगळा विकत!

"हाताने भर की," मी म्हटलं.

"मग मशीन कशाला घेतलीस, विचारतील ना हे! आणि पुन्हा पैसे कुठल्या तोंडाने मागू, मावशी? विहीणबाईंना सांगून बसलेय, पिसारा फुलवलेला मोर करतेय म्हणून!" रडायलाच लागली.

चादर तशीच मांडली.

*

लग्न ठाण्याला. विहीणबाई घोडबंदर रोडच्या, उंच टॉवरमधल्या. रुखवत बघत बघत चादरीपाशी आल्या. पिसाऱ्याच्या जागी नंदाने लाडवांचं ताट सरकवलेलं. मी तोंड बंद ठेवलेलं, देवाशपथ!

विहीणबाईंनी ताट उचललं. वाकून बघतच राहिल्या. नंदाचे कान लालेलाल.

वाकताना त्यांचा पदर खांद्यावरून घसरला. ब्लाऊजच्या पाठीवर मोर भरलेला. मान, तुरा, पाय. बस्स.

नंदाने पुढे होऊन त्यांचा पदर पाठीवर नीट ओढला. त्यांनी ताट होतं तिथे परत ठेवलं.

काय बघतेस? नीघ आता, जा घरी!