पायाळू

मी पायाळू. जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आले, एवढंच. पण आमच्या दिंडोरीकडं पायाळू माणसाला जमिनीतलं पाणी कळतं म्हणतात. मी नाशिकच्या शाळेत विज्ञान शिकवते. या थापेचा मला लहानपणापासून राग.

मागच्या एप्रिलात दादाच्या विहिरीनं तळ गाठला. द्राक्षबागेची छाटणी नुकतीच झालेली. पाणी लागलं नाही तर वडिलांनी लावलेली बाग जाणार, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं. बोअर एकच मारणं झेपणार होतं. पाणी शोधणारा मशीनवाला मीच बोलावला. त्यानं तारा पसरून, आकडे बघून बांधाजवळ खूण केली. पण दादाचं काही समाधान होईना.

"तू पायाळू हायेस, एकदा फांदी धरून चाल की. तुझं विज्ञान काय लगेच बुडत नाय!"

त्याचं तोंड बंद करायला म्हणून चपला काढल्या, लिंबाची दोन फाट्यांची फांदी दोन्ही मुठींत धरली आणि फणफणत निघाले. शेडच्या मागं, पाणी असलं की वळते म्हणतात तशीच, फांदी एकदम खाली ओढली गेली. आईशप्पथ, मी वळवली नव्हती. का वळवली होती? हाताचे स्नायू नकळत हलतात, हे मीच तर वर्गात सांगते. दादा लांब होता, त्याला काही दिसलं नव्हतं.

"लागलं का गं काही?"

"छे! काही नाही."

रीडिंग आलं तसंच लिहा, मनासारखं करू नका, म्हणून मुलांच्या कानीकपाळी ओरडणारी मी! अजून लाज वाटते.

बांधाजवळ बोअर मारलं. नुसती धूळ उडाली. दादा मला एका शब्दानं बोलला नाही. एका कोरड्या बोअरनं मशीन खोटं ठरत नाही, आणि शेडमागं पाणी होतं असंही ठरत नाही. सगळं कळत होतं, तरी डोक्यात नुसता गोंधळ. झोपच लागेना.

बाग तोडायच्या दिवशी मात्र राहवलं नाही. "दादा, शेडमागं फांदी वळली होती रे."

त्यानं कोयता खाली ठेवला. "मग बोलली का नाय?"

"माझा विश्वास नव्हता त्याच्यावर."

"माझा तरी मशीनवर कुठं होता?" दादा म्हणाला. "तुझ्यावर होता."