तिचा माफीनामा

पुतणीच्या खोलीत एका कोरियन गायिकेची इतकी पोस्टरं होती, की भिंतीचा मूळ रंग बघायला पुरातत्त्व खात्याची माणसं बोलवावी लागली असती. परवा सई ती सगळी उतरवत होती.

"काय गं, बाईंचा गळा बसला की काय?"

"काका, तिचं कुणाशी तरी जमलंय. फोटो फुटले."

"मग पेढे आणू?"

ती हसली नाही. तिनं मोबाईल पुढे केला. त्या मुलीनं स्वतःच्या अक्षरात चाहत्यांची माफी मागितली होती. प्रेमात पडलं की तिकडे अशी माफी मागायची रीत आहे म्हणे. तरी तिला मिळालेली टीव्ही मालिका हातची गेलीच.

मी जन्मभर ढीगभर थापा मारल्या, पण माफीची एक ओळ कुणी लिहून घेतली नाही. ही पोर लहानपणी गायिका व्हायला घर सोडून आली, उपाशीपोटी नाचली, सांगितलं तेव्हा हसली. एकदाच न सांगता हसली, आणि नेमका तोच फोटो फुटला.

"अगं, तू तरी माफ कर तिला."

"मी एकटीनं करून काय होणार, काका?"

शेवटचं पोस्टर फाटलं. हसरे ओठ तेवढे भिंतीलाच चिकटून राहिले. सईनं ते नखानं खरवडून काढले.