कय्यूमभाईचा कान

भीती वाटते का, असं विचारता ना बाई? लिवा. नेहमी. गोल करा त्याच्यावर. आता पुढचा प्रश्न विचारू नका, पहिले माझं ऐका. आठ वर्षांपूर्वी, अठ्ठ्याण्णव सालात, तुमच्यासारखेच अभ्यासवाले आमच्या खाणीवर आले होते. त्यांच्या कागदावर हाच प्रश्न होता. तेव्हा मी 'कधीच नाई' लिवलं होतं. ते झूट होतं, अन् त्या झूटात एक माणूस गेला.

कय्यूमभाईचं नाव ऐकलं असन तुम्ही गेटावर. "ज्याच्या गलतीनं छत पडलं तो म्हातारा," असं बोलतेत हे नवीन भरतीवाले, चहा सुडकत. माझं डोकं फिरते. एकाच्या हातातला कप मी खाली ठेवाले लावला परवा. पण काय बोलू? खरं बोलायचं म्हटलं तर पहिलं नाव माझंच येते.

तुमाले खाण माहीत नाई म्हणून सांगतो. कोळसा काढला का वरचं छत उघडं पडते. त्याच्याखाली पहिला पाय ठेवायचा कय्यूमभाईनं. ते ड्रेसर होते, छत तपासणारे. सब्बलीनं, म्हणजे लोखंडी पहारीनं, ठोकायचं. टणटण वाजलं का छत धड. ढब वाजलं का आतून सुटलं, ते पाडायचं नाई तर लाकडाचे खांब लावून आवरायचं. मशीनबिशीन काई नाई, सारा कानाचा कारभार. नागभीडचा माणूस, उंच, दाढी मेंदीनं लाल. 'बिस्मिल्ला' म्हणे, डावा पंजा छताले लावे, उजव्या हातानं ठोके, अन् मग म्हणे, "चला रे बाबाहो." तोवर आमची अठरा जणांची टोळी गालात तंबाखूचा खर्रा दाबून भिंतीले टेकून उभी. पाळी सांभाळणारा ओव्हरमन साहेबही उभा. त्या 'चला'शिवाय कोणी हलत नसे. अठ्ठावीस वर्षं तो एक शब्द आमचा जीव सांभाळत होता.

मी कुरखेड्याकडचा, धानाच्या बांधीतून उठून आलेला. एकोणनव्वद साली मी दमून एका जागी बुड टेकवलं होतं. कय्यूमभाईनं माझा पट्टा धरून मले फरफटत मागे आणलं. मी शिवी देणार, तर माझ्या जागेवर बैलबंडीएवढा दगड. "बसाले हीच जागा भेटली का रे येडपटा?" एवढंच बोलले. तेव्हापासून माझा जीव त्यायचा, असं मी मानत होतो.

अठ्ठ्याण्णवच्या ईदले मी त्यायच्या घरी गेलो. नजमाभाबीनं चुलीपासून तीनदा हाक मारली, "अहो, देवरावभाऊ आले!" कय्यूमभाई पाठमोरे बसून होते, हललेच नाई. भाबीनं येऊन खांद्याले हात लावला तेव्हा दचकले. भाबी हसत हसत म्हणाली, "यायले आजकाल काई ऐकूच येत नाई बघा, भाऊ. टीव्ही एवढा मोठा लावतेत का शेजारी भांडाले येते." मी हसलो नाई. शीरखुर्म्याची वाटी हातात तशीच राह्यली. ज्याच्या कानावर आम्ही अठरा जण उभे, तो कानच गेला?

मी कोणाले बोललो नाई. चार-सहा महिन्यांनी ते अभ्यासवाले आले. मेडिकल कॉलेजचे डॉक्टर छाती अन् कान तपासणार, इंजिनिअरिंगवाले छताचा दाब मोजणार, अन् एक बाई मनाचं विचारणार. काम, शरीर अन् मन, तिन्ही मिळून एकच अभ्यास, म्हणे. आम्ही आपसात खूप टर उडवली. आमच्या टोळीतला पोचू म्हणे, "मन मोजाले वजनकाटा आणला का रे?"

कानाची तपासणी कँटीनच्या मागच्या खोलीत होती. डोक्याले ते कानाचं यंत्र लावायचं, आवाज आला का बोट वर करायचं. कय्यूमभाई मशीनकडे पाठ करून खुर्चीवर. त्यायच्या मागून माझा नंबर, म्हणून मी दारात, त्यायच्या अगदी समोर. डॉक्टरनं बटण दाबलं का मशीनवर लाल दिवा लागे. तो मले दिसे, त्यायले नाई. एकदा दिवा लागला, बोट वर नाई. दुसऱ्यांदा लागला, नाई. कय्यूमभाईच्या कपाळावर घाम. अन् त्यायनं माझ्याकडे पाह्यलं. बाई, छताखाली त्या माणसाले मी कधी घाबरलेला पाह्यला नव्हता. तिथं त्या लाकडी खुर्चीवर पाह्यला.

तिसऱ्यांदा दिवा लागला अन् मी माझा कान खाजवला. त्यायचं बोट वर गेलं. मग दिवा लागला का मी खाजवतो, ते बोट उचलतेत. डॉक्टर मान खाली घालून लिवत होता. शेवटी म्हणाला, "वा चाचा, या वयात असे कान!" कागदावर लिवून दिलं: श्रवणशक्ती उत्तम.

बत्तीघराच्या मागे त्यायनं माझा हात धरला. "देवराव, हात अजून ऐकते माझा. ठोकलं का पंजाले कळते मले, धड का सुटलं ते. आठ महिने राह्यले रिटायर व्हाले. आता वर आणून बत्त्या पुसाले बसवतीन, तर ही पोरं माझ्याकडे कोणत्या तोंडानं पाहतीन? निभवून घे. शंका आली तर कान खाजव, मी समजीन."

मी हो म्हटलं.

त्याच दिवशी त्या बाईनं मले विचारलं, कामावर भीती वाटते का. खाणीत भीतीचं नाव घेतलं का ती आपल्यासंगं खाली उतरते, अशी आमची समजूत. सगळ्यायनं 'कधीच नाई' लिवलं होतं. मीही तेच म्हटलं. बाई म्हणाली, "पण तुमचं लक्ष सारखं दाराकडे आहे." मी म्हटलं, "सकाळपासून चहा झाला नाई, बाई."

मग माझे दिवस काय गेले ते मलेच माहीत. बत्ती डोक्याले बांधली का मी कय्यूमभाईच्या मागेच उभा राही. कय्यूमभाई ठोकत अन् मी जीव कानात आणून ऐके. पण खोटं कशाले बोलू, पंजा खरंच ऐकत होता. एकदा मले टणटण वाटलं, तर त्यायनं मान हलवली, दोनदा ठोकलं अन् खाटेएवढी शिळा खाली आणली. मले वाटलं, सुटलो. आठ महिने जातीन.

अन् हातमोजे आले. अभ्यासात निघालं होतं का आमच्या हाताले लय जखमा होतेत. म्हणून जाड चामड्याचे मोजे वाटले, अन् सक्ती केली. चांगलंच केलं हो, त्यायची काई चूक नाई. कय्यूमभाईनं पहिल्या दिवशी डावा मोजा काढून खिशात घातला, तर ओव्हरमननं सगळ्यायसमोर झापलं. "तुम्हीच नियम मोडला तर बाकीचे काय करतीन, चाचा?" त्यायनं मोजा पुन्हा चढवला अन् माझ्याकडे पाह्यलं. मी तेव्हाच बोलाले पाह्यजे होतं का नाई? एका वाक्याचं काम होतं: साहेब, त्यायचा हातच त्यायचा कान आहे. पण ते बोललो असतो तर पुढचा प्रश्न आला असता, मग तपासणीत पास कसे झाले? मी माझे मोजे चढवले अन् कामाले लागलो.

तिसऱ्याच दिवशी, मंगळवारी, सकाळची पाळी. इंजिनिअरिंगवाल्यांनी खालपासून छतापर्यंत एक लोखंडी दांडा उभा केला होता, छत किती खाली येते ते त्याच्यावर कळे. त्यायचे एक सर बत्ती धरून वाचत होते. म्हणाले, "कालपासून तीन मिलिमीटर खाली आलंय. थोडं थांबता का? मी वर विचारून येतो." ओव्हरमननं कय्यूमभाईकडे पाह्यलं. पोचू म्हणाला, "सर, तुमचा दांडा महिन्याभराचा, आमचा कान अठ्ठावीस वर्षांचा." सगळे हसले. मीही हसलो, बाई. मी सगळ्यायपेक्षा मोठ्यानं हसलो.

कय्यूमभाईनं 'बिस्मिल्ला' म्हटलं. मोजा घातलेला पंजा छताले लावला. ठोकलं.

ढब.

तडकलेल्या माठावर टिचकी मारावी तसा बारीक आवाज. दुसऱ्या कोणाच्या ध्यानात आला नाई, ते अजून पोचूच्या बोलण्यावर हसतच होते. कय्यूमभाईनं पुन्हा ठोकलं. स्वतःच्या मोज्याकडे पाह्यलं. मग मान वळवून माझ्याकडे पाह्यलं, त्या खुर्चीवरून पाह्यलं होतं तसंच.

मी कान खाजवाले हात उचलला. तेवढ्यात ओव्हरमनची बत्ती माझ्या तोंडावर आली, अन् मले वाटलं, याले कळलं. सगळं कळलं. माझा हात छातीशीच राह्यला. किती वेळ? एक श्वास घ्याले लागते तेवढा. कय्यूमभाई समजले, छत धड आहे.

"चला रे बाबाहो," ते म्हणाले अन् खांब उचलून स्वतःच पुढे झाले. त्यायची पाठ झाली माझ्याकडे. अन् मग माझं तोंड फुटलं. मी ओरडलो, "थांबा! ढब वाजलं! मागे व्हा!" असा ओरडलो का घसा फाटला. सतरा माणसं उडी मारून मागे आली. ज्याच्यासाठी ओरडलो तो एकटा खांब खांद्यावर घेऊन शांतपणे चालत राह्यला. दोन पावलं. मग छत आलं.

चौकशी झाली. सगळ्यायनं खरं सांगितलं, देवराव ओरडला, आम्ही मागे झालो. कय्यूमभाईच्या फाइलीत तो कागद होताच. निकाल लागला: श्रवणशक्ती उत्तम असताना, इशारा ऐकूनही मागे हटले नाहीत, निष्काळजीपणा. अन् मले सुरक्षा सप्ताहात हार घातला. शाल दिली. 'यांच्या प्रसंगावधानाने सतरा जणांचे प्राण वाचले.' टाळ्या वाजल्या. मी ती शाल आजवर अंगावर घेतली नाई.

कय्यूमभाईच्या चाळिसाव्या दिवसाले त्यायच्या घरी गेलो. भाबीनं चहा दिला अन् पुढे दोन कागद ठेवले, कानाचा अन् चौकशीचा. म्हणाली, "देवरावभाऊ, मी घरात ओरडून ओरडून थकत होती. हे कान उत्तम कसे? मी ऑफिसात जाऊन सांगितलं का ते बहिरे होते, तर साहेब म्हणते, बाई, डॉक्टरचं खरं का तुमचं? तुम्ही तर तपासणीले संगंच होते ना?"

मी म्हटलं, "मशीन बिघडली असन, भाबी."

"मग तेच सांगा ना साहेबाले. माझं कोणी ऐकत नाई. तुमचं ऐकतीन. तुम्ही सतरा जण वाचवले."

मी हो म्हटलं. तेव्हाही मी होच म्हटलं, बाई. आठ वर्षं झाली. दर ईदले ती शीरखुर्मा पाठवते, अन् दर ईदले डब्यासंगं एकच निरोप, भाऊ, साहेबाले सांगितलं का? छताची भीती केव्हाच गेली माझी. बाजारात भाबीसारखा हिरवा बुरखा दिसला तरी मी गल्ली बदलतो.

जागा नाई म्हणता कागदावर? मागच्या बाजूनं लिवा. कय्यूमभाई बहिरे होते. तपासणीत मी कान खाजवून त्यायले पास केलं. अन् त्या दिवशी मले वेळेवर ऐकू आलं, तरी माझा हात कानापर्यंत गेला नाई. खाली माझं नाव पूर्ण लिवा, मी सही करतो. एक कागद साहेबाच्या टेबलावर ठेवा. अन् एक नक्कल मले द्या. नजमाभाबी या वेळी घरीच असते, अन् आज मी गल्ली बदलणार नाई.