गोदाचा ओटा

गोदा कोळीण ठाण्याच्या मासळी बाजारात चाळीस वर्षं एकाच ओट्यावर बसत आली. गेल्या साली बर्फाच्या पाण्यावरून पाय घसरला आणि मनगट मोडलं. हाड सांधलं, पण भीती काही जाईना. घरातल्या घरातही ती भिंत धरून चालू लागली. मुलगा मितेश म्हणाला, "आई, आता बस झालं. दिवाळीनंतर तुझ्या ओट्यावर आपली कल्पिता बसेल. मी सांगितलंय तिला."

कल्पिता म्हणजे त्याची चुलत बहीण. गोदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला न विचारता तिचा ओटा देऊन टाकणारा हा कोण?

वर्तकनगरच्या बागेत समिधा नावाची फिजिओथेरपिस्ट म्हाताऱ्या माणसांना तोल सांभाळायचे व्यायाम शिकवते, असं तिच्या कानावर होतं. गोदाने सरळ रिक्षा केली. बाकीच्या आज्या बूट घालून आलेल्या, ही आपली काष्ट्याच्या लुगड्यात, अनवाणी. एका पायावर उभं राहायला सांगितलं, तर तीन मोजायच्या आत कलंडली. टाचेला पंजा लावत रेघेवरून चालायचं, तिथेही तीच गत.

"आजी, तुम्ही सारख्या पायांकडे बघता," समिधा म्हणाली. "नजर समोर ठेवा."

गोदा घरी येईपर्यंत मनात तेच घोळवत राहिली. जन्मभर डोक्यावर मासळीची पाटी होती, खाली बघायची सोयच कुठे होती? दुसऱ्या दिवशी ती पाटी घेऊनच बागेत हजर. बायका फिदीफिदी हसल्या. समिधाने कपाळाला हात लावला. "अहो आजी, इथे वजन नाही उचलायचं!"

"वजन कुठं हाय? रिकामी हाय ती."

पाटी डोक्यावर ठेवून गोदा रेघेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताठ चालत गेली. मग हसायला कुणी उरलं नाही.

पुढे समिधाने पाटी हळूहळू सोडवली. खांद्याला हलकासा धक्का देऊन, पाऊल टाकून सावरायला शिकवलं. पाय भरून यायचे. एकदा तर गोदा बाकावर बसून ढसाढसा रडली. पण तीन महिन्यांत एक खाडा नाही.

दिवाळी उलटली. गोदा सकाळीच बाजारात शिरली, तर ओट्यावर कल्पिता बसलेली. मितेश धावत आला आणि त्याने आईचा दंड धरला. "आई, ओलं आहे सगळं, पडशील!"

"परली तवा परली. हात सोर."

त्याने सोडला, आणि तेवढ्यात बर्फाची पेटी नेणाऱ्या हमालाचा तिला धक्का बसला. गोदा मागे झोकांडली. तिने एक पाऊल मागे टाकलं, रोवलं, आणि उभी राहिली. मितेशचे हात हवेतच राहिले.

"ऊठ गो बाय," ती कल्पिताला म्हणाली.

कल्पिता उठली. गोदा मात्र लगेच बसली नाही. पहिलं गिऱ्हाईक येईपर्यंत, कशालाही हात न लावता, ती त्या ओल्या फरशीवर मुद्दाम उभी राहिली.